दोन नंबरचा कोमट डिफरन्शियल

रिव्हर्टन, मॅनिटोबा
४ नोव्हेंबर १९७९

प्रिय रूना मावशी,

माझं सगळं बदललं तो क्षण मला नेमका सांगता येतो. सप्टेंबरच्या शेवटी मी चार दिवसांसाठी गावी आलो होतो. ओड्डूरच्या आवारात त्याची मुलगी सिग्नी दोन नंबरच्या ट्रकमधून उतरली, हातमोजे दातांनी ओढून काढले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मागून ओढतो हा. कुणीतरी शेपटी धरून ठेवल्यासारखा." बस, एवढंच. मी परत कॉलेजात गेलोच नाही.

आईनं तुला विनिपेगहून तिच्या पद्धतीनं कळवलं असेलच. माझी बाजू इतकीच की मी रिकामा बसलेलो नाही. ओड्डूरचे सहा ट्रक सरोवरावरची मासळी विनिपेगच्या कारखान्यात पोचवतात. मी त्याच्या वर्कशॉपमध्ये तेल बदलतो, चाकं काढतो, शिव्या खातो.

आता कामाचं. सिग्नीच्या त्या 'शेपटी'चा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. परवा पहिली कडक थंडी पडली तेव्हा ओड्डूरनं डिफरन्शियलमध्ये, मागच्या दोन चाकांमधल्या त्या गिअरच्या गोळ्यात, घालायला एकशेचाळीस नंबरच्या गिअर ऑइलचा डबा उपडा धरला. तेल येईना. आम्ही दोघं त्या डब्याकडे बघत उभे. बऱ्याच वेळानं एक जाड काळी जीभ बाहेर आली आणि तिथंच लोंबकळत राहिली.

मी म्हटलं, "ओड्डूर, हे तेल आहे की काकवी?"

"क्राउन गिअरच्या दातांना जाडच लागतं."

"पण हे दातांपर्यंत पोचणार कधी?"

"कॉलेजात किती वर्षं होतास?"

"दीड."

"मग दीड वर्षापुरतं बोलून झालं तुझं. डबा धर."

मावशी, तू एडमंटनला तेलं बनवणाऱ्यांच्या प्रयोगशाळेत आहेस म्हणून विचारतो. ही काकवी ढवळत चाकं फिरवायची तर इंजिनाला डिझेल जास्त जाळावं लागत असणार की नाही? तिथं पातळ तेल घातलं तर काय होईल? दात खरंच झिजतील, की हे सगळे फक्त सवयीनं बोलतात?

फोन करू नकोस. आमची लाइन पाच घरांत वाटलेली आहे. मी 'तेल' म्हटलं तर संध्याकाळपर्यंत ओड्डूरला कळेल, आणि 'सिग्नी' म्हटलं तर त्याच्याही आधी.

तुझा,
कारी


एडमंटन
१३ नोव्हेंबर

कारी,

तेलाला तीन पानं, कॉलेजला एक ओळ. सिग्नीला वेगळं पान नाही, पण ती प्रत्येक पानात डोकावते आहे. तुझ्या आईला मी यातलं काहीच कळवत नाही. तूच कळव.

तुझा प्रश्न मात्र चांगला आहे, आणि चांगल्या प्रश्नापुढे माझा राग टिकत नाही.

ओड्डूर निम्मा बरोबर आहे. दोन दातांच्या मध्ये तेलाचा पडदा हवा. तो फाटला की लोखंड लोखंडाला खातं. पण उरलेलं निम्मं तो विसरतो. क्राउनचं मोठं चक्र खालून तेलात बुडलेलं असतं आणि फिरताना सगळं तेल ढवळत राहतं. ते ढवळण्याचे पैसे तुम्ही पंपावर भरता. तेल जितकं जाड तितकी ढवळणावळ जास्त, आणि तुमच्याकडच्या थंडीत तर सुरुवातीचा तासभर विचारूच नकोस.

पातळ म्हणजे पाणी नव्हे. आम्ही उत्तरेकडच्या खाणींसाठी एक तेल बनवतो. ते उणे चाळीसलाही ओतता येतं आणि तापल्यावर नव्वद नंबरसारखं वागतं, म्हणजे पडदा धरून ठेवतं. एका ट्रकपुरतं पाठवते. ट्रक बनवणाऱ्याच्या पुस्तकात नव्वद चालतं असं लिहिलेलं आहे का ते आधी बघ. नसेल तर डबे न उघडता परत पाठव.

आणखी एक. खालच्या बुचाला चुंबक असतं. त्याला राखेसारखा मऊ गाळ चिकटलेला दिसला तर काळजी नाही. चकाकणारी कपची दिसली तर ट्रक हलवू नकोस आणि माझं नावही घेऊ नकोस.

रूना मावशी


रिव्हर्टन
६ डिसेंबर

मावशी,

तुझ्या तेलानं माझं तोंड काळं केलं.

पुस्तकात नव्वद चालतं. मी ते पान ओड्डूरच्या नाकासमोर धरलं. तो म्हणाला, "पुस्तक लिहिणारा इथं राहतो का?" मग त्याच्या स्वयंपाकघरात, सगळे ड्रायव्हर कॉफीला बसलेले असताना, आमची पैज लागली. पातळ तेलानं डिझेल वाचलं तर सहाही ट्रकांत ते घालायचं आणि वर्कशॉप कायमचं माझ्या हाती. नाही वाचलं तर मी विनिपेगची बस धरायची आणि कॉलेजात तोंड दाखवायचं. मी टेबलावर मूठ आपटून हो म्हटलं. कप सांडले. वर्कशॉप हाती आलं म्हणजे मी इथं राहिलो, आणि मी इथं राहिलो म्हणजे... पुढचं तुला कळतं.

एक नंबरचा ट्रक मी स्वतः चालवतो. त्यातली काकवी काढली. अंगाला असा वास बसला की काय सांगू, सडकी अंडी आणि जळका लसूण एकत्र. सिग्नी नाक धरून म्हणाली, "याला नवऱ्या मुलासारखा सजवलाय कुणी?" सगळे हसले. मला त्यातला 'नवरा मुलगा' तेवढा ऐकू आला.

तुझं तेल घातलं आणि दोन आठवडे दर फेरीचं डिझेल मोजलं. ऑक्टोबरात जाड तेलावर जेवढं लागत होतं त्यापेक्षा जास्त लागलं, मावशी! जास्त!  ओड्डूरनं साखरेचा खडा दातांत धरला, त्यावरून कॉफी ओढली आणि भिंतीवरच्या बसच्या वेळापत्रकाकडे बघत राहिला. मी पक्कड फेकली. ती खिडकीला लागली. काच माझ्या पगारातून.

हे असं का झालं ते सांग. नसेल सांगता येत तर निदान तसं तरी कबूल कर.

कारी


एडमंटन
१२ डिसेंबर

कारी,

आधी पक्कड खाली ठेव.

ऑक्टोबरची तुलना नोव्हेंबरशी करतोस? तुमच्या पंपावर थंडीत जे डिझेल मिळतं ते वेगळं असतं. गोठू नये म्हणून हलकं करतात, त्यामुळे त्यात जोरही कमी. शिवाय थंडीत तुम्ही जेवायला उतरलात तरी इंजिन चालूच ठेवता. हवा जड, टायर कडक, रस्त्यावर भुसभुशीत बर्फ. एवढ्या सगळ्यांनी डिझेल प्यायलं आणि बिल तू माझ्या तेलाच्या नावावर फाडलंस. हिवाळ्याची मोजणी उन्हाळ्याशी लावायची चूक तुमच्याकडे दरवर्षी कुणीतरी करतं. यंदा तुझी पाळी.

दोन सारखे ट्रक घे. एकात जाड, एकात पातळ. एकाच दिवशी, एकाच रस्त्यानं, सारखं ओझं, मागेपुढे चालवा. टाक्या एकाच पंपावर गळ्यापर्यंत भरा. आणि एक थर्मामीटर डिफरन्शियलला टेकवून बघत जा. ऊब कधी आणि किती चढते ते कळलं तरच तेल काय करतंय ते कळेल.

दुसरा ट्रक कुणाचा घ्यायचा ते मी सुचवायला नको.

रूना मावशी


रिव्हर्टन
१४ जानेवारी १९८०

प्रिय मावशी,

ओड्डूरनं आणखी एक संधी दिली. सिग्नी मध्ये पडली म्हणून. म्हणाली, "बाबा, बघू तर दे. मला पण कळू दे शेपटी कोण धरतंय ते." आता सांग, ज्या मुलीला काहीच वाटत नाही ती असं बोलेल?

मोजणी अशी चालते. माझा एक नंबर पातळ तेलावर, रात्रभर ओड्डूरच्या उघड्या आवारात. सिग्नीचा दोन नंबर जाड तेलावर. ती संध्याकाळी नाउसाच्या धक्क्यावर मासळी भरते आणि तिथंच तिच्या आजीकडे झोपते. आजीला सगळं गाव अम्मा म्हणतं. ट्रक अम्माच्या अंगणात असतो. सकाळी मी रिव्हर्टनहून निघतो, नाउसाच्या फाट्यावर आम्ही भेटतो, तिथल्याच पंपावर टाक्या भरतो आणि पुढे विनिपेगपर्यंत मागेपुढे जातो. हा रस्ता आता मला फार आवडायला लागला आहे. तिच्या मागच्या दिव्यांपैकी डावा जरा मंद आहे.

फाट्यावर थांबून मी थर्मामीटर लावतो. अम्माचाच आहे, साखरेचा पाक बघायचा. ओड्डूर अजून जुन्या फॅरनहाइट अंशांत बोलतो आणि मी नव्या सेल्सिअसमध्ये. परवा बाहेरच्या हवेत उणे चाळीस झालं तेव्हा दोघांचा आकडा एकच आला आणि त्या दिवशी आमचं भांडण झालं नाही.

पण निकाल वाईट आहे. दोन्ही ट्रक सारखंच डिझेल पितात. चमचाभर इकडे, चमचाभर तिकडे. थंडी वाढली की फरक दिसेल म्हणून मी वाट बघितली, तरी सारखंच. चुंबकावर मऊ राख आहे, कपची नाही, म्हणजे तुझ्या तेलानं काही बिघडवलं नाही. पण वाचवलंही नाही.

एक गंमत मात्र आहे. फाट्यावर एक नंबरचा डिफरन्शियल दगडासारखा गार असतो आणि दोन नंबरचा कोमट. हात ठेवला तर बरं वाटतं. म्हणजे जाड तेल स्वतःला लवकर तापवत असेल, असं मी धरतो. त्याचा तो फायदा असेल का? सिग्नी म्हणते, "काय हात लावत बसतोस, उशीर होतोय." मग थर्मासमधली कॉफी देते. स्वतःच्या कपातली.

ओड्डूरनं या महिन्याअखेरपर्यंत मुदत दिली आहे. मावशी, मला इथून जायचं नाही.

कारी


एडमंटन
२० जानेवारी

कारी,

तुझं पत्र मी प्रयोगशाळेत उभ्यानं वाचलं आणि मग खुर्ची ओढून परत वाचलं.

धक्क्यापासून फाटा किती लांब? माझ्या नकाशात दोन मैलांच्या आतच दिसतो. दोन मैलांत कुठलंही तेल, जाड, पातळ, देवाघरचं, एवढ्या मोठ्या लोखंडी गोळ्याला कोमट करू शकत नाही. उणे तीसला तर नाहीच नाही. तुझा ट्रक सात मैल येऊन दगडासारखा गार, आणि तिचा दोन मैलांत कोमट?

अरे, दोन नंबर रात्रभर गार नसतोच. कुणीतरी त्याला ऊब देतं आहे. जुने ड्रायव्हर परातीत निखारे घेऊन मागच्या हौसिंगखाली, म्हणजे डिफरन्शियलच्या लोखंडी पेटीखाली, सरकवायचे, तसं असेल. किंवा ट्रक चुलीच्या शेडमध्ये राहत असेल. ऊब मिळाली की जाड तेलही पातळ होतं. मग दोन ट्रकांत फरक दिसणार कसा? तुमची मोजणी खोटी नाही, पण ती तेलाची मोजणी नाही.

आता विचार कर. पातळ तेल हरलं तर कुणाचा फायदा? पैज कुणाची? मला तुझा ओड्डूर लबाड वाटतो. अम्मा त्याचीच आई ना? तिच्या हातानं निखारे ठेववून घेणं काय अवघड आहे?

जा आणि बघ. पण नुसतं बघ. पक्कड घरी ठेवून जा.

रूना मावशी


रिव्हर्टन
२९ जानेवारी

मावशी,

तू चुकलीस. आणि बरोबरही होतीस. मला आता कळत नाही की तुला ते पत्र लिहायला मी लावलंच कशाला.

तुझं पत्र वाचून माझं डोकं फिरलं. ओड्डूरला सगळ्यांसमोर उघडा पाडायचा असं ठरवूनच दुसऱ्या दिवशी सकाळी, उजाडायच्या आत, शेजाऱ्याची स्नो-मशीन घेऊन नाउसाला अम्माच्या अंगणात गेलो. निखारे नाहीत. परात नाही. ट्रकही नाही. आणि मावशी, बर्फावर चाकाची एक खूण नाही. आठवड्याभराचा बर्फ तसाच, वर मांजराची पावलं.

दार वाजवलं. अम्मा म्हणाली, "सिग्नी झोपली आहे."

"मग ट्रक कुठं आहे?"

"तोही."

"अम्मा!"

"आत ये आणि दार लाव, घर गार होतंय." मग माझ्याकडे पाठ करून ती कढई घासायला लागली. कढई स्वच्छ होती.

चाकांच्या खुणा मला धक्क्यावर सापडल्या. त्या बाल्डविनच्या शेडकडे जात होत्या. तुला बाल्डविन आठवत नसेल. त्याच्या बापानं आणि ओड्डूरनं एकदा बर्फाखाली एकाच जागी जाळी लावली आणि एकमेकांची कापली, तेव्हापासून त्या घराचं नाव ओड्डूर तोंडात घेत नाही. आपल्या माणसांपैकी कुणी त्या उंबऱ्यावर दिसला तर ट्रकची किल्ली परत, असं त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. सगळ्यांना, म्हणजे सिग्नीलाही.

शेडमध्ये मोठी चूल धगधगत होती. बर्फावर चालणाऱ्या दोन गाड्या, वाळत घातलेली जाळी, आणि मधोमध दोन नंबर, अंगावरचं पाणी निथळत उभा. डिफरन्शियल तर माझ्या हातापेक्षा गरम. मी खरंच हात लावून बघितला. मूर्ख माणूस अशा वेळी पण मोजतो.

सिग्नी आतल्या दारातून आली, पायात बाल्डविनचे बूट. मला बघून दचकली नाही.

म्हणाली, "थर्मामीटर आणलास का?"

"कधीपासून?"

"हिवाळ्याच्या आधीपासून. तू कॉलेजात होतास."

"मग मला कॉफी का देत होतीस?"

"थंडी असते म्हणून, कारी. मी कुणालाही देईन."

मी खूप काही बोललो. ते लिहीत नाही. बाल्डविन मध्ये एकदा बाहेर आला, माझं ऐकलं, चुलीत एक ओंडका टाकला आणि परत आत गेला. मारामारी तरी केली असती तर बरं वाटलं असतं.

मी दमल्यावर ती म्हणाली, "आता तुझं गणित सुटलं ना? तेल तुझं खरं आहे. मला माहीत नव्हतं ट्रकच्या उबेनं तुझी मोजणी बिघडते. खरंच नव्हतं माहीत. आता आठवडाभर मी तो अम्माच्या अंगणात ठेवते. बघ काय येतं ते."

"आणि तुझा बाप विचारेल की आधी कसं सारखं येत होतं?"

"तर सांग त्याला. तुझी पैज आहे." एवढं बोलून तिनं दोन नंबरचं दार उघडून स्टिअरिंगवर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. त्या हाताकडे बघून मला कळलं की ट्रक गेला तर तिच्याकडे काय उरेल. बाल्डविन उरेल, हे मला कळतं. पण ती ट्रकशिवाय कशी दिसेल ते मला दिसत नाही.

तिनं शब्द पाळला. दोन नंबर सध्या उघड्यावर झोपतो. रोज सकाळी सिग्नीला तो हलवताना अर्धं गाव ऐकतं. आणि मावशी, रोजच्या फेरीत तो माझ्यापेक्षा जवळजवळ गॅलनभर जास्त पितो. रोज! तुझं तेल जिंकलं. मी ओड्डूरकडून चार दिवस वाढवून घेतले आहेत, आकडे पक्के करायला म्हणून.

आता काय करू? ओड्डूर बावळट नाही. आधी सारखं आणि आता वेगळं का, हे तो पहिल्याच घोटाला विचारणार. खरं सांगितलं तर वर्कशॉप माझं आणि तिची किल्ली गेली. नाही सांगितलं तर तो म्हणणार, तुझे आकडे वाऱ्यावर आहेत, धर बस. मला तिचा राग आला आहे. इतका की कधी कधी वाटतं, सांगूनच टाकावं. दोघांचीही शेपटी धरावी.

लवकर लिही.

कारी


एडमंटन
२ फेब्रुवारी

कारी,

ओड्डूरबद्दल मी घाईनं बोलले. लिहिताना मला मजा येत होती आणि त्या मजेत मी एका माणसाला चोर ठरवलं. त्याला माझ्या वतीनं काही सांगू नकोस, फक्त चांगलं वाग.

तेलाबद्दल सांगते, कारण तेवढंच मला नीट येतं. पहिले आकडे लपवता येणार नाहीत. ते चुकीचे नव्हते. थंड लोखंडात पातळ तेल जेवढं हलकं चालतं, तेवढंच जाड तेल ऊब दिल्यावर चालतं, हे त्यांनीच दाखवलं. नुसत्या दुसऱ्या आकड्यांपेक्षा दोन्ही मिळून ही जास्त चांगली मोजणी आहे. मी स्वतः ठरवून केली असती तर एवढी सुबक जमली नसती. पण ऊब होती, हे सांगावंच लागेल. ते गाळलंस तर मग मलाही ते आकडे नकोत.

ऊब कुणाची होती, हे तेलाला माहीत नाही.

बाकीचं तुझं. तू मला विचारलंस काय करू. मला एवढंच विचारावंसं वाटतं की तुला हे जिंकायचं होतं ते कुणासमोर? ते माणूस अजून तिथं बघत बसलं आहे का?

घाईनं पत्र टाकते आहे. टपालाची गाडी निघेल.

रूना मावशी


विनिपेग, बस स्टँड
८ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

इथल्या कॅन्टीनची कॉफी म्हणजे आपल्या गावचं भांडी धुतलेलं पाणी. दोन कप झाले. सोबत सगळे आकडे पाठवतो आहे, आधीचे आणि नंतरचे दोन्ही. एकही फिरवलेला नाही. तुमच्या अहवालात बिनधास्त घाला.

परवा ओड्डूरच्या स्वयंपाकघरात सगळे जमले. ड्रायव्हर, अम्मा, चुलीपाशी सिग्नी. मी कागद टेबलावर ठेवला. ओड्डूरनं चष्मा लावून वाचला. वाचताना त्याची भुवई वर जाते, तशी गेली.

"हे खरंच दिसतंय," तो म्हणाला. "फेरीला गॅलन. सहा ट्रक." मग त्याचं बोट पहिल्या आकड्यांवर सरकलं. "पण इथं दोघांचं सारखं कसं?"

"तेव्हा दोन नंबरला ऊब मिळत होती. जाड तेल तापून पातळ व्हायचं."

"ऊब? अंगणात उभ्या ट्रकला? ही कुणी दिली?"

मावशी, सिग्नीनं पातेलं खाली ठेवलं. ठेवतानाचा आवाज मला अजून ऐकू येतो. ती बोलणार होती. तिनं तोंड उघडलं होतं.

मी म्हटलं, "मी दिली."

"काय?"

"निखारे. परातीतून. रोज पहाटे नाउसाला जाऊन दोन नंबरच्या मागच्या हौसिंगखाली ठेवायचो. मग परत येऊन माझा ट्रक काढायचो."

 मग ओड्डूर हळूच म्हणाला, "म्हणजे तुझी पैज माझ्याशी, आणि तू रोज पहाटे उठून तुझ्याच पैजेत बिब्बा घालत होतास?"

"सकाळी तो हलत नाही. तिला त्रास होतो."

सगळं टेबल फुटलं. एक जण तर खुर्चीवरून घसरला. "अरे, तेल नाही पातळ झालं, याचं डोकं पातळ झालं!" "निखाऱ्यांवर स्वतःलाच भाजून घ्यायचं होतंस!" "लग्नात परातच आहेर द्या याला!" ओड्डूर हसून हसून डोळे पुसायला लागला. मावशी, कुणालाही शंका आली नाही. या गावात माझ्याबद्दल हे कुणीही शपथेवर सांगितलं असतं. लहान पोरांना सुद्धा पटलं असतं.

तरी ओड्डूरनं अम्माला विचारलंच, "तुझ्या अंगणात चालायचं हे, आणि तू काही बोलली नाहीस?"

अम्मानं डोळा न हलवता सांगितलं, "माझ्याच चुलीतले निखारे होते. मी म्हटलं, पोरगं तरणं आहे, भाजू दे बोटं."

हसणं संपायला वेळ लागला. मग ओड्डूरनं चष्मा काढला.

"तेल मी घेणार. सहाही ट्रकांत. तुझ्या मावशीला कळव, किती डबे लागतील ते." मग चष्मा कागदावर ठेवला. "पण कारी, जो माणूस स्वतःच्याच मोजणीत निखारे घालतो, त्याच्या हाती मी वर्कशॉप देऊ शकत नाही. उद्या माझ्या ब्रेकमध्ये तू कुणाच्या प्रेमाखातर काय घालशील याचा नेम नाही."

हा माणूस लबाड नाही, मावशी. मला त्याच्या जागी बसवलं असतं तर मीही हेच केलं असतं.

मी म्हटलं, "बरोबर आहे."

"भांडणार नाहीस?" त्यालाच आश्चर्य वाटलं. "मूठ नाही आपटणार?"

"कप भरलेले आहेत."

सिग्नी माझा कोट घेऊन आली. कोटाला अजून तो वास येत होता, अंडी आणि लसूण. या वेळी तिनं नाक धरलं नाही. बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "मी सांगणार होते."

"दिसलं मला."

"मग का?"

मला याचं चांगलं उत्तर सुचायला हवं होतं. बसमध्ये चार सुचली. तिथं मी एवढंच म्हणालो, "डावा मागचा दिवा मंद आहे तुझा. बल्ब बदलून घे."

ती हसली नाही. मान हलवली. माझ्याकडे बघितलं, मावशी, पूर्ण बघितलं, सप्टेंबरात बघितलं नव्हतं तसं. त्याचा मी काही अर्थ लावणार नाही. अर्थ लावण्यात मी किती हुशार आहे ते सिद्ध झालंच आहे.

कॉलेजात घेतील की नाही माहीत नाही. घेतलं तर एक विचारायचं आहे त्या लोकांना. ऊब चढताना तेलाचा पडदा नेमका कुठल्या क्षणी धरतो, हे कुणी आत डोकावून बघितलंय का? तुलाही माहीत असेल तर लिही. आईला मी उद्या भेटेन, तू आधी काही कळवू नकोस.

तर मी कोट चढवला. टेबलावर परत परातीचे विनोद सुरू झाले होते, अम्मा कुणाला तरी आणखी कॉफी घे म्हणत होती, आणि ओड्डूर कागदावर सहानं गुणाकार करत होता. "येतो," म्हटलं. दोघा-तिघांनी हात वर केले. मी बाहेर पडलो. त्या घराचं दार थंडीत आखडतं, नुसतं ढकलून बसत नाही. मी कडी दोन्ही हातांनी धरली, पाय रोवला आणि दार पूर्ण बसेपर्यंत ओढून घेतलं.

कारी